वस्ताद, डायरेक्टर आणि कोच : वऱ्हाडच्या मैदानावर सॉफ्टबॉल येईपर्यंतची गोष्ट

यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयाचे मैदान. हिवाळ्यातील सकाळ. काळ्या मातीवर फक्कीने एक चौकोन आखलेला आहे, पण तो चौकोन नेहमीसारखा नाही. एका कोपऱ्यावर उभा केलेला आहे. त्याच्या मध्यभागी उभी असलेली मुलगी हात वर्तुळात फिरवून कमरेखालून चेंडू फेकते. बाजूला गळ्यात शिट्टी अडकवलेले एक गृहस्थ. कागदोपत्री ते ‘शारीरिक शिक्षण संचालक’. मुलींच्या तोंडी फक्त ‘सर’.

या ‘सरां’वर कोणी इतिहास लिहीत नाही. खेळाडूचे नाव वर्तमानपत्रात दोन ओळींत येते, ‘सरां’चे शेवटच्या ओळीत ‘मार्गदर्शन लाभले’ एवढ्यावर संपते. परंतु हा माणूस त्या मैदानावर कसा येऊन उभा राहिला, याचा शोध घेतला तर तीन वाटा दिसतात. एक शिकागोहून येते, दुसरी मद्रासहून आणि तिसरी अगदी जवळून, अमरावतीच्या आखाड्यातून.

आधी शिकागो. नोव्हेंबर १८८७, थँक्सगिव्हिंगचा दिवस. फॅरागट बोट क्लबच्या बंदिस्त सभागृहात काही तरुण हार्वर्ड आणि येल यांच्यातील फुटबॉल सामन्याच्या निकालाची तार येण्याची वाट पाहत होते. निकाल आला, पैजा चुकत्या झाल्या, आणि आनंदात एकाने बॉक्सिंगचा हातमोजा दुसऱ्याच्या दिशेने भिरकावला. त्या दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या वार्ताहराने हे पाहिले, हातमोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला, खडूने जमिनीवर रेषा ओढल्या आणि घरातल्या घरात बेसबॉल सुरू झाला.

बर्फाच्या दिवसांत बेसबॉलपटूंना करमणूक व्हावी, इतकाच त्याचा हेतू होता. १८९५मध्ये मिनीॲपोलिस शहरात लुईस रोबर या अग्निशमन दलातील अधिकाऱ्याने आपल्या जवानांना चपळ ठेवण्यासाठी अशाच प्रकारचा खेळ मोकळ्या जागेत खेळवला. गावोगाव त्याची नावे निराळी होती. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव १९२६मध्ये वाल्टर हॅकन्सन यांनी सुचवले, आणि हे हॅकन्सन वायएमसीएचे होते. वायएमसीए हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

या खेळाची खरी ताकद त्याच्या आकारात आहे. दोन बेसमधील अंतर ६० फूट, म्हणजे बेसबॉलच्या दोन-तृतीयांश. महिलांसाठी चेंडू फेकण्याचे अंतर ४३ फूट. डाव सात. ज्या महाविद्यालयाकडे क्रिकेटला पुरेल एवढे मैदान नाही, त्याच्याकडेही हा खेळ बसतो.

आता पुण्यात येऊ. १९१९च्या सुमारास डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक क्रीडास्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले. धावणारे बहुतेक शेतकरी घरातले. पायांत काही नाही, नियमांची माहिती नाही, तरीही त्यांच्या वेळा पाहून दोराबजी चकित झाले. यातूनच १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय संघ पाठवण्याची कल्पना उभी राहिली.

त्या निवडीच्या काळातील एक प्रसंग जिमखान्याच्या इतिहासात नोंदलेला आहे. समितीतील एका वजनदार सदस्याला कोणीतरी विचारले, शंभर मीटरसाठी पात्रतेची वेळ किती असावी? उत्तर आले, एक ते दोन मिनिटे. प्रश्न मिनिटांचा नसून सेकंदांचा आणि सेकंदाच्या अंशांचा आहे, हे कळल्यावर ते गृहस्थ अवाक् झाले.

हसण्यासारखा प्रसंग आहे, परंतु त्याचा अर्थ गंभीर आहे. देशात धावणारे पाय होते. धावणे मोजणारा, शिकवणारा, चूक दाखवणारा माणूस नव्हता. बेळगावचा फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये १९वा आला. कुस्तीत रणधीर शिंदे पदकाच्या उंबरठ्यावरून परतला. त्यांच्यामागे वर्षानुवर्षे उभा राहिलेला प्रशिक्षक असता तर, हा प्रश्न त्यानंतर शंभर वर्षे भारतीय क्रीडाजगताला छळत आला आहे.

हीच उणीव भरून काढायला निघालेला एक माणूस त्याच वर्षी मद्रासमध्ये कामाला लागला होता. हॅरी क्रो बक, मूळचा पेन्सिल्वेनियाचा. अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथील वायएमसीएच्या महाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले. याच संस्थेत १८९१मध्ये जेम्स नेस्मिथने बास्केटबॉलचा शोध लावला होता. बक १९१९मध्ये भारतात आला आणि १९२०मध्ये त्याने मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. सुरुवातीला विद्यार्थी मोजके. डॉक्टर, वकील, मास्तर होण्यासाठी कॉलेज असते हे लोकांना ठाऊक होते. ‘खेळ शिकवणारा’ होण्यासाठी कॉलेज ही कल्पनाच नवी होती.

१९२४च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतीय संघासोबत व्यवस्थापक म्हणून बक गेला. १९२७मध्ये इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा दोराबजी टाटा अध्यक्ष आणि वायएमसीएचेच डॉ. नोरेन सचिव झाले. खेळांच्या नियमांवरील बकचे पुस्तक पुढे अनेक वर्षे भारतातील क्रीडाशिक्षकांच्या हाताशी असे. १९४३मध्ये त्याचा भारतातच मृत्यू झाला. ‘फिजिकल डायरेक्टर’ ही पदवी, शिट्टी, वेळापत्रक, नोंदवही आणि सांघिक अमेरिकी खेळ, हा सगळा सरंजाम या वाटेने आला.

पण वऱ्हाडात बकच्याही आधी दुसरे काहीतरी चालू होते, आणि इथे थोडे थांबायला हवे.

१९१४. अमरावती. अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या बंधूंनी हनुमान आखाड्याची उभारणी केली. तीच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाली. त्या काळी आखाडा म्हणजे तांबडी माती, मल्लखांब, जोर-बैठका आणि एक वस्ताद. वस्तादाला पगार नसे, पदवी नसे. त्याची सत्ता त्याच्या अंगात असे. विद्या एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाई आणि वस्ताद गेला की पुष्कळदा त्याच्याबरोबरच संपे.

वैद्य बंधूंचे वेगळेपण असे, की त्यांनी या विद्येला अभ्यासक्रमाचे रूप दिले. १९२०च्या दशकात मंडळाचे उन्हाळी प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. निरनिराळ्या प्रांतांतून तरुण यावेत, काही आठवडे राहावेत, लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती, कबड्डी, खो-खो शिकावे, आणि आपापल्या गावी जाऊन दुसऱ्यांना शिकवावे. आखाडा मल्ल घडवतो. अमरावतीत शिक्षक घडू लागले. हा फरक लहान वाटतो, पण वस्ताद आणि कोच यांच्यामधली सीमारेषा नेमकी इथे आहे.

या मातीला राजकारणाचा वासही होता. भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासोबत २३ मार्च १९३१ रोजी फाशी गेलेले शिवराम हरी राजगुरू यांनी काही काळ अमरावतीच्या याच आखाड्यात व्यायामाचे धडे घेतले होते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात जुलै १९३०मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. शरीर कमावणे ही त्या पिढीला निव्वळ छंदाची गोष्ट वाटत नव्हती.

म्हणूनच वायएमसीए आणि आखाडा यांच्यात एक अबोल स्पर्धा होती. एकीकडे मिशनरी संस्था, इंग्रजी आज्ञा, विदेशी खेळ. दुसरीकडे ‘सावधान’, ‘विश्राम’ अशा देशी आज्ञा. कवायतीला भारतीय भाषेतील आज्ञा देण्यात बडोद्याच्या प्रा. माणिकरावांचा वाटा मोठा होता. त्यांचेच शिष्य स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि योगासनांना प्रयोगशाळेत नेले. वरवर पाहता हे दोन प्रवाह परस्परविरोधी होते. पण दोघांनाही एकच गोष्ट हवी होती : खेळ शिकवणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे, असे समाजाने मानावे.

१९३६मध्ये मंडळाचे पथक बर्लिनला गेले. ऑलिंपिकच्या निमित्ताने जगभरातील शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी तेथे जमले होते आणि अमरावतीच्या तरुणांनी त्यांच्यासमोर कबड्डी, मल्लखांब, लेझीम यांची प्रात्यक्षिके केली. कबड्डीला जगाच्या व्यासपीठावर नेणारा हा प्रसंग म्हणून वऱ्हाडात तो आजही अभिमानाने सांगितला जातो. अभिमान योग्यच आहे. मात्र ते व्यासपीठ नाझी राजवटीने स्वतःच्या प्रचारासाठी सजवले होते, हेही त्या छायाचित्रांकडे पाहताना विसरून चालणार नाही. १९४९मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवातही मंडळाने प्रात्यक्षिके केली. त्या वेळी देश स्वतंत्र होता.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही वाटा एकत्र येऊ लागल्या. १८५७च्या शताब्दी वर्षात, १९५७मध्ये, ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघाले. १९६१मध्ये पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली आणि ‘कोच’ होण्यासाठी सरकारी पदविका मिळू लागली. त्याच १९६१मध्ये जोधपूरला सॉफ्टबॉल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. पहिली राष्ट्रीय स्पर्धाही जोधपूरलाच, १९६७मध्ये झाली. मारवाडच्या वाळूत अमेरिकी खेळाचे बस्तान बसले ते असे.

तेथून तो महाराष्ट्रात आला आणि आश्चर्य म्हणजे मुंबई-पुण्यापेक्षा खानदेश-विदर्भातील शाळा-महाविद्यालयांत अधिक रुजला. याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. मोठ्या शहरात क्रिकेटचा मक्ता होता. क्लब होते, खेळपट्ट्या होत्या, ओळखी लागत. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र व्यायाम महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेला एक तरुण शिक्षक, एक मैदान आणि काटक मुले-मुली एवढेच भांडवल होते. अमरावती ते यवतमाळ हे अंतर नेरमार्गे सुमारे ९० किलोमीटर. व्यायाम महाविद्यालयात शिकलेला खेळ बसने दोन-अडीच तासांत दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचत होता.

पूर्वी या भागातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. १ मे १९८३ रोजी अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले (आज ते संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते) आणि यवतमाळ जिल्हा त्याच्या कक्षेत आला. क्रीडाशिक्षकाच्या दृष्टीने ही घटना वाटते त्याहून मोठी. विद्यापीठ वेगळे झाले, म्हणजे विद्यापीठाचा संघ वेगळा झाला. नागपूरच्या संघात जागा मिळवण्यासाठी जी मुलगी धडपडत राहिली असती, तिला आता अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरण्याची संधी आली.

या साखळीची रचना अशी : आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिच्यातून विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ सामने. विद्यापीठाकडून खेळलेली खेळाडू ‘कलर होल्डर’ होते, आणि तो कलर कोट घरात वर्षानुवर्षे जपून ठेवला जातो. देशातील सर्वोत्तम विद्यापीठाला मिळणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७पासून दिला जातो. तो मिळो न मिळो, त्याच्या गुणांची बेरीज अशाच छोट्या मैदानांवर होत असते.

महाविद्यालयातील सॉफ्टबॉल कोचचे काम कसे असते? पहिले काही आठवडे क्रिकेट विसरायला लावण्यात जातात. मुलगी चेंडू टोलवते आणि बॅट हातात घेऊनच धावत सुटते. ‘बॅट टाक!’ ही बहुधा भारतातील सॉफ्टबॉल मैदानांवर सर्वाधिक वेळा दिली गेलेली आज्ञा असावी. मग मागच्या बाजूला गेलेला फटका इथे धाव देत नाही, तो फाउल असतो, हे समजवायचे. झेल दोन्ही हातांनी नाही, मोजा घातलेल्या एका हाताने घ्यायचा. बेसवर उभ्या असलेल्या खेळाडूने चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत पाय उचलायचा नाही. बेसबॉलमध्ये चालते ते इथे चालत नाही.

मग पिचिंग. हात खांद्यातून पूर्ण वर्तुळ घेतो आणि चेंडू मांडीजवळून सुटतो. कापसाच्या आणि ज्वारीच्या शेतात गोफण फिरवलेल्या घरांतील मुलींना ही हालचाल अगदीच परकी वाटू नये. अर्थात गोफणीने पाखरे हाकलणे आणि ४३ फुटांवरून गुडघा व छाती यांच्यामधील अदृश्य चौकटीत चेंडू घालणे यांत काही हजार फेकींचे अंतर असते. ते अंतर पार करून घेणे, हाच कोचचा पेशा.

अमेरिकेत हा पेशा कसा मोठा झाला, हेही पाहण्यासारखे आहे. १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी केली आणि महाविद्यालयांना मुलींच्या संघांवर खर्च करणे भाग पडले. १९८२मध्ये एनसीएएची पहिली महिला सॉफ्टबॉल स्पर्धा शॅरन बॅकस यांच्या यूसीएलए संघाने जिंकली. माइक कँड्रिया यांनी ॲरिझोना विद्यापीठात १९८६ ते २०२१ अशी कारकीर्द केली आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांच्या अमेरिकी संघाने ५१ धावा केल्या आणि अवघी एक दिली.

या पराक्रमाची किंमत खेळाला मोजावी लागली, असे पुष्कळांचे मत आहे. महिलांचा सॉफ्टबॉल १९९६मध्ये अटलांटाला ऑलिंपिकमध्ये आला होता. जुलै २००५मध्ये सिंगापूरच्या बैठकीत तो ठेवावा की काढावा यावर मतदान झाले. मते समसमान, ५२ विरुद्ध ५२ पडली. बहुमत नाही, म्हणून खेळ बाहेर. एकाच देशाची मक्तेदारी हे कारण तेव्हा दिले जाई, आणि २००८च्या बीजिंगमध्ये, खेळाच्या निरोपाच्या सामन्यात, जपानने अमेरिकेला ३-१ असे हरवले. युकिको उएनो या पिचरने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू फेकले. १३ वर्षांनी, टोकियोत खेळ परतला तेव्हा वयाच्या ३९व्या वर्षी तीच पुन्हा अंतिम सामन्यात पिचिंग करत होती, आणि जपानच पुन्हा जिंकला.

सिंगापूरमधील त्या मतदानाची झळ यवतमाळपर्यंत पोहोचते, हे ऐकायला विचित्र वाटेल. परंतु आपल्याकडे खेळाचे सरकारदरबारी वजन बऱ्याच अंशी तो ऑलिंपिकमध्ये आहे की नाही यावर ठरते. अनुदान, शिबिरे, साहित्य आणि नोकरीतील प्राधान्य, सगळीकडे तोच निकष डोकावतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू शेतकरी कुटुंबातील मुलीच्या दृष्टीने त्या राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रमाणपत्राचा अर्थ पोलीस भरती, तलाठ्याची नोकरी, घरातले पहिले पेन्शन असा असू शकतो.

आणि म्हणूनच कोचवर दुहेरी ओझे येते. त्याने संघात घेतलेली आणि न घेतलेली, अशा दोन्ही मुलींचे आयुष्य त्या यादीने बदलते. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा संशयाची सावली कमी प्रसिद्ध खेळांच्या खऱ्या खेळाडूंवरही पडली. अशा वेळी जुनी गुणपत्रिका, पंचांच्या सह्या आणि ‘सरां’नी नीट ठेवलेली नोंदवही हाच पुरावा असतो. मद्रासच्या बकने रुजवलेली नोंदवहीची शिस्त इथे एखाद्या मुलीची नोकरी वाचवते.

शासनानेही प्रशिक्षकाची दखल घेतली, पण सावकाश. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१मध्ये सुरू झाला. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार यायला १९८५ उजाडले. त्या पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे मराठी प्रशिक्षक भालचंद्र भास्कर भागवत होते, ही गोष्ट महाराष्ट्रातही फार थोड्यांना ठाऊक असते. पुरस्काराच्या नावाविषयी एक शंका मात्र राहतेच. ज्या गुरूने न शिकवलेल्या शिष्याचा अंगठा मागितला, त्याचे नाव आदिवासीबहुल तालुक्यांतील मुलामुलींना शिकवणाऱ्या शिक्षकाला द्यावे का? केळापूर, झरी-जामणी, मारेगावच्या बाजूच्या मैदानांवर हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

महाविद्यालयातील या पदाची प्रतिष्ठाही टप्प्याटप्प्यानेच वाढली. एके काळचा ‘पीटीचा मास्तर’ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणीत अध्यापकाच्या रांगेत येऊन बसला. त्याला पदव्युत्तर पदवी लागू लागली, नेट परीक्षा लागू लागली. वस्तादाला यातले काही लागत नव्हते. पण वस्तादाला मुलींचा संघ घेऊन परराज्यात रेल्वेने जावे लागत नव्हते, पालकांची संमतीपत्रे गोळा करावी लागत नव्हती, आणि नऊ खेळाडूंत सात मोजे कसे पुरवायचे हा हिशेबही करावा लागत नव्हता. (तो हिशेब सुटतो : क्षेत्ररक्षण संपले की मोजे मैदानात काढून ठेवायचे, समोरचा संघ तेच घालतो.)

पॅरिसमध्ये २०२४ला सॉफ्टबॉल नव्हता. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो पुन्हा आहे, मात्र लॉस एंजेलिसमध्ये नाही. त्याचे सामने तेथून सुमारे दोन हजार किलोमीटरवर ओक्लाहोमा सिटीत होणार आहेत, कारण महिला महाविद्यालयीन सॉफ्टबॉलची अमेरिकेतील मोठी वार्षिक स्पर्धा जिथे भरते, ते मैदान तिथे आहे. ऑलिंपिक उठून कॉलेजच्या मैदानाकडे गेले आहे. यवतमाळच्या मैदानावर त्या सकाळी फक्कीची रेघ दुसऱ्या बेसपाशी थोडी वाकडी गेलेली असते. सर पायाने ती पुसतात, दोरी पुन्हा ताणतात आणि ६० फूट नव्याने मोजतात.